मौनकुंजमधील झोपेचा प्रश्न

योगराज सैंदाणे यांनी सुरतेतले लिंबायत सोडून शहराबाहेर राहायला जाण्याचा निर्णय पूर्ण शुद्धीत घेतला होता, याची नोंद सुरुवातीलाच केलेली बरी. शुद्धीचा प्रश्न नंतर उपस्थित झाला.

लिंबायतमधली त्यांची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला भिंतीला भिंत लागून होती. भिंतीपलीकडे दिवसरात्र लूम चालत आणि अलीकडे भांड्यांची फळी थरथरत असे. फळीवर पेला ठेवला की तो स्वतःहून कडेला चालत येई. तो पडण्याआधी झेलणे घरातल्या मुलांना बोलण्याच्या आधी येत असे. योगराज पांडेसऱ्यातल्या कारखान्यात रात्रपाळीला लूम चालवत आणि सकाळी घरी येऊन झोपत. तक्रार कोणाचीच नव्हती. फक्त त्यांच्या पत्नी नूतनबाई यांचे मत पडले की, माणसाने आयुष्यात एकदा तरी शांतता पाहावी. त्यांच्या बहिणीने ती पाहिली होती आणि फोटोही पाठवले होते.

त्यानुसार सैंदाणे कुटुंब कडोदऱ्याच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून उभ्या राहिलेल्या ‘मौनकुंज रेसिडेन्सी’त दाखल झाले. दारावरच्या फलकावर एक कुटुंब हिरवळीवर बसून हसत होते. हिरवळ कुठे आहे, असे विचारल्यावर ती प्रस्तावित असल्याचे समजले. शांतता मात्र ताबडतोब मिळाली.

पहिल्याच दिवशी योगराज पाळी संपवून आले, आडवे झाले आणि टक्क जागे राहिले. लूमवरचा माणूस एकच गोष्ट पक्की शिकलेला असतो : आवाज चालू आहे तोवर सगळे ठीक आहे, आवाज थांबला म्हणजे वीज गेली किंवा धागा तुटला, उठा. मौनकुंजमध्ये धागा सतत तुटलेलाच होता.

शेजारच्या खाटेवर त्यांच्या आई धुरपदाबाईही डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या.

“काय व्हयनं रे?” त्यांनी विचारले.

“काही नही वं माय. शांतता शे.”

“मंग ती बंद कर ना!”

शांतता बंद करण्याचे बटण बिल्डरने दिलेले नव्हते. परिणामी योगराज रात्री पांडेसऱ्यात पोचत, लूमचा खडखडाट कानावर पडे आणि त्यांना उभ्या उभ्या गाढ झोप लागे. शेठनी त्यांना खांबाला टेकून घोरताना तीनदा पकडले.

“योगराजभाई, ऊंघवुं होय तो घेर जाओ ने!”

“घरी झोप येत नाही, शेठ.”

“तो आ शुं धरमशाळा छे?”

पुन्हा झोपलेले दिसलात तर कायमचे घरी जा, असे शेठनी सांगितले. योगराजच्या दृष्टीने याहून भयंकर शिक्षा नव्हती. घरी तर झोपच नव्हती.

नूतनबाईंनी उपाय शोधला. योगराज आडवे झाले की त्या उशाशी रिकामा मिक्सर लावत. मिक्सर तापून बंद पडला की योगराज जागे होत, निवून पुन्हा सुरू झाला की झोपत. या पद्धतीने तुकड्यातुकड्यांनी झोप मिळू लागली आणि सोसायटीची नोटीसही आली.

सोसायटीचे अध्यक्ष अविनाश टिपणीस हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. शांततेसाठीच ते पत्नी सुलभाताईंसह इथे आले होते आणि ‘शांतता संरक्षण समिती’ त्यांनीच स्थापन केली होती. रविवारी सकाळी सर्व सदस्यांसमोर सुनावणी झाली.

“सैंदाणे, भरदिवसा तुमच्याकडे मिक्सर चालतो. एवढं काय वाटता?”

“काही नाही. रिकामाच असतो.”

“रिकामा? मग लावता कशाला?”

“झोपायला.”

सभागृहात शांतता पसरली. टिपणीसांनी तिची समाधानाने नोंद घेतली. तेवढ्यात मागून दत्तू बोरसे उठला. तोही लूमवरचाच.

“साहेब, त्यांचा मिक्सर आमच्या घरात स्पष्ट ऐकू येतो.”

“ऐका, सैंदाणे!”

“तो थांबला की आमची झोप मोडते. वेळ वाढवून मिळेल का?”

मग चौकशी झाली. बहुतेक सदस्य लिंबायत, गोडादरा आणि पांडेसऱ्यातून शांततेसाठी आलेले होते आणि आल्यापासून त्यांच्यापैकी कोणीही धड झोपलेले नव्हते. एकजण दुपारी स्कूटर चालू ठेवून तिच्याशेजारी निजत असे. बहुमत पाहून टिपणीसांनी मार्ग काढला. नियमावलीनुसार आवाजाला परवानगी देता येत नव्हती. म्हणून लूमच्या आवाजाला ‘पूरक शांतता’ असा दर्जा देण्यात आला.

प्रथम लाउडस्पीकरवर लूमचे रेकॉर्डिंग लावले. ते संपून पुन्हा सुरू होताना क्षणभर खंड पडे आणि संपूर्ण सोसायटी वीज गेली असे समजून गॅलरीत येई. तेव्हा प्रस्तावित हिरवळीच्या जागेवर एक जुना लूम आणून रिकामा चालवला. धुरपदाबाईंनी तो क्षणात नापास केला.

“येना पोटमा काहीच नही. मी कशी निजू?”

लूमच्या पोटात धागा घालणे आले. धागा घातला की कापड निघते. ते समितीला थांबवता आले नाही. कापड निघाले म्हणून टेम्पो आला. टेम्पोवाला आला म्हणून चहाची टपरी आली, टपरीमागून पानाचा ठेला, आणि ठेल्यावर उभे राहायला रिक्षावाले. एका लूमचा आवाज मागच्या इमारतीपर्यंत पोचत नाही, अशी रास्त तक्रार आल्यावर आणखी लूम बसवले. कामगार आयते झोपेच्या शोधात होतेच. हे ऐकून शेठनी पांडेसऱ्यातला कारखाना बंद केला आणि आपले सगळे लूम मौनकुंजच्या हिरवळीवर, सैंदाण्यांच्या भिंतीला लागून हलवले. योगराजची नोकरी वाचली. ते आता घरी झोपत आणि कामावर जागे राहत. एका सकाळी फळीवरचा पेला पुन्हा चालू लागला. धुरपदाबाईंनी तो डोळे मिटूनच झेलला.

टिपणीस मात्र खंगत गेले. अखेर त्यांनी फ्लॅट विकायला काढला आणि शांत जागा शोधायला निघाले. सुरतेत आता एकच जागा शांत उरली होती. शेठचे पाहून तिथलेही लूम आणि त्यांच्यामागून माणसे शहराबाहेर गेल्यामुळे लिंबायतची ती गल्ली ओस पडली होती. सैंदाण्यांची जुनी खोली टिपणीसांनी भाड्याने घेतली. तिथून सुलभाताईंनी नूतनबाईंना फोटो पाठवला : रिकामी गल्ली, उन्हात झोपलेले मांजर, आणि फळीवर जागच्या जागी असलेला पेला.

नूतनबाई तो फोटो बराच वेळ पाहत राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “माणसाने एकदा तरी शांतता पाहावी.”

योगराज भिंतीला कान लावून गाढ झोपले होते. त्यांनी हरकत घेतली नाही, म्हणून ठराव मंजूर झाला.

ही माणसे वेडी आहेत, असे सुजाण वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी एवढेच करावे : ऐन थंडीत दोन गोधड्या पांघरून वर जो पंखा आपण फुल्ल लावून झोपता, तो आज बंद ठेवावा. जाग आली, तर नूतनबाईंशी संपर्क साधावा. मौनकुंजमधला त्यांचा फ्लॅट अजून विकला गेलेला नाही.