शनिवारी संध्याकाळी जग बुडणार होतं

शनिवारी संध्याकाळी जग पाण्याखाली जाणार होतं, म्हणून अक्का सकाळपासून बॅग भरत होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ दारात उभा राहून ती बॅग कशी चुकीची भरली जातेय हे सांगत होता.

"नायलॉनचं काही घेऊ नकोस. पेटलं की अंगाला चिकटतं."

"पेटणार नाहीये. बुडणार आहे."

"असं त्यांनी तुला सांगितलंय."

"आणि पेटणार असं तुला कुणी सांगितलं?"

"मला कुणी सांगायला कशाला पाहिजे? मी बघत आलोय."

हे खरं होतं. भावाची सगळी नोकरी अग्निशमन दलात गेली होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्ली त्यांना बंबकाकाच म्हणत होती. एखाद्या नव्या घरी गेले की ते आधी पडदे चाचपून बघत आणि मग खुर्चीत बसत. जगात जे जे आहे ते कधी ना कधी पेटणार, असा त्यांचा स्वच्छ हिशेब होता. अक्कांची नोकरी पाणीपुरवठा खात्यात, व्हॉल्व्ह विभागात झाली होती. अर्ध्या शहराला पाणी कधी सोडायचं आणि कधी तोडायचं हे त्या ठरवत. त्यामुळे जग संपायचंच असेल तर ते पाण्यानं संपेल, एवढं त्यांना आधीपासूनच पटण्यासारखं होतं.

भावाची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, वारल्या तेव्हा अक्का चार दिवसांसाठी म्हणून भावाकडे आल्या होत्या आणि राहून गेल्या होत्या. तेव्हापासून दोघं रोज भांडत होती, पण ते भांडण चहाइतकंच नेमाचं होतं. खरी तेढ पडली ती व्याख्यात्यांमुळे. वाचनालयाच्या हॉलमध्ये एक गृहस्थ जलप्रलयावर बोलतात असं ऐकून अक्का निव्वळ कुतूहलानं गेल्या. व्याख्यान संपल्यावर त्यांनी विचारलं, "एवढं पाणी कुठल्या बाजूनं येणार?" यावर व्याख्याते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "तुम्हीच सांगा ना. पाण्यातलं तुम्हाला कळतं." आणि अक्का तासभर बोलल्या. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारलं होतं ते पहिल्यांदाच.

आता ती सगळी मंडळी टेकडीवरच्या जुन्या वसतिगृहात राहायला जाणार होती. दुपारी बस सुटणार होती.

"परत कधी येणार?" काकांनी विचारून बघितलं होतं.

"जग बुडाल्यावर परत कुठे यायचं?"

दुसऱ्या दिवशी काका भंगारवाल्याकडून निळी प्लास्टिकची पिंपं घेऊन आले आणि एकेक करून जिन्यावरून वर चढवू लागले.

"हे कशाला?" अक्कांनी विचारलं होतं.

"आगीला पाणी लागतं."

"ठेवणार कुठे?"

"तुझ्या खोलीत. रिकामीच होतेय ना."

हे वाक्य अक्कांना लागलं, आणि लागावं म्हणूनच ते बोललं गेलं होतं. आताही त्या बॅग भरत होत्या तेव्हा पिंपं त्यांच्या पलंगाला टेकून रांगेत उभी होती. काकांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेला होजपाइप माळ्यावरून काढला होता आणि त्याचं तोंड मोरीतल्या नळाला एका जुन्या फडक्यानं बांधायची खटपट चालवली होती.

अक्का बॅग उचलून दारापर्यंत गेल्या. तिथे थांबल्या. वळल्या.

"असं बांधतात?"

"तू जा. बस चुकेल."

"अरे, पहिल्या दणक्याला सुटेल ते. तार आण. आणि सायकलची जुनी ट्यूब असेल तर तीही आण."

त्यांनी बॅग खाली ठेवली, मोरीत उकिडव्या बसल्या आणि नळाभोवती ट्यूबची पट्टी गुंडाळून वरून तारेचे असे काही वेढे घातले की काका बघतच राहिले. आपल्या बहिणीला काम करताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"आता सोड पाणी," अक्का म्हणाल्या.

काकांनी नळ पूर्ण सोडला. होजपाइप फुगला, ताठ झाला, एकदा जोरात हिसकला. अक्कांचा जोड तसूभर हलला नाही. भिंतीतला नळ मात्र बुडख्यासकट उपटून बाहेर आला.

खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. बाई मोठ्या कामसू, आणि प्रलयाच्या वादात त्यांना रस नव्हता. जिन्यात दोघांचं जुंपलं की त्या दार किलकिलं करून म्हणायच्या, "जग कशानं संपायचं ते संपो. तुमच्या दोघांचे दात मात्र गोळ्याबिस्किटांनी संपणार आहेत." त्या वेळी खुर्चीत एक पेशंट आडवा होता. दाढ मोठी किडलेली होती. भूल देऊन झाली होती, खोदकाम झालं होतं आणि आत मसाला भरायची तयारी चालली होती.

"मोठा आ करा," बाई म्हणाल्या.

पेशंटनं आ केला आणि वरून त्यात एक थेंब पडला. उपचाराचाच भाग असेल असं समजून त्यानं तो गिळला. दुसरा पडला. तिसऱ्याच्या वेळी त्यानं छताकडे बोट दाखवलं.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. मग त्यांनी वर पाहिलं. छताला एक ओला डाग उमटला होता आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो परातीएवढा झाला. पाणी खुर्चीवरच्या मोठ्या दिव्याच्या दांडीवरून ओघळत आत शिरलं. दिवा एकदा लुकलुकला, तडतडला आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघाली.

वर काका दोन्ही हातांनी भिंतीतलं भोक दाबून धरत होते. खालून बाईंचा आवाज आला. "काका, धूर येतोय इथं."

काकांनी भोक सोडलं. अक्कांनी नंतर सांगितलं की इतक्या वर्षांत त्यांनी भावाचा चेहरा एवढा उजळलेला पाहिला नव्हता. ओल्या पायांनी ते जिना उतरले. दवाखान्याच्या दाराशी लाल सिलिंडर होता, तोही त्यांनीच बाईंच्या मागे लागून बसवून घेतलेला. त्यांनी आधी मेन स्विच खाली ओढला, मग पिन उपसली, पाय रोवले आणि शिकवल्याप्रमाणे खालून वर, डावीकडून उजवीकडे अशी पांढरी पावडर मारली. दिवा विझला. खरं तर तो मेन स्विच ओढल्यावरच विझला होता. पावडर दिव्यावर, बाईंवर, हत्यारांच्या ट्रेवर आणि अजूनही आ केलेल्या पेशंटवर सारखी बसली.

मागोमाग अक्का आल्या. "बाई, तुमच्याकडे पाना आहे का?"

"माझ्याकडे पाना कशाला असेल, अक्का?"

"मग दाढ उपटायचा चिमटा द्या. मोठा."

बाईंनी मुकाट्यानं दिला. अक्का रस्त्यावर गेल्या, फुटपाथवरचं लोखंडी झाकण उचललं आणि गंजलेल्या व्हॉल्व्हचा दांडा चिमट्यात पकडून फिरवला. वरचं पाणी थांबलं. पूर्ण गल्लीचंही थांबलं, पण ते कुणाच्या लक्षात यायला वेळ होता.

चिमटा परत द्यायला त्या आत आल्या तेव्हा पेशंट उठून बसला होता आणि चष्म्यावरची पावडर बोटानं पुसत होता. चष्म्याची एक काच स्वच्छ झाली आणि अक्कांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

"सर? तुम्ही?"

व्याख्यात्यांनी मान डोलावली. अर्धा चेहरा बधिर असल्यामुळे त्यांना बोलणं जमत नव्हतं. "ब...बश," ते म्हणाले.

"बसा म्हणताय?"

"बशच्या आधी... दाढ."

"बसच्या आधी दाढ दाखवून घ्यायची होती त्यांना," बाईंनी उलगडा केला. "फार दिवसांचं दुखणं आहे. सकाळी आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. तुम्ही ओळखता का यांना?"

काकांनी व्याख्यात्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण आपल्या बहिणीला घरातून नेणारा माणूस कसा असेल याचं एक चित्र त्यांच्या डोक्यात होतं, आणि त्यात तो उंच, रुबाबदार आणि डोळ्यांत डोळे घालून बोलणारा होता. समोर एक भिजलेला, पीठ फासल्यासारखा, गाल सुजलेला माणूस बसला होता. त्याला दोन शब्द सुनावायचे हे काकांनी आठवडाभर घोकलं होतं. त्यांनी टॉवेल आणून दिला.

"चव कडू लागेल," ते म्हणाले. "पण विषारी नाही."

तेवढ्यात व्याख्यात्यांचा फोन वाजला. त्यांनी हॅलो म्हणायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, म्हणून त्यांनी फोन अक्कांच्या हातात दिला. वसतिगृहात आधी गेलेली मंडळी बोलत होती. गाद्या घातल्या, खोल्या झाडल्या, पण नळाला पाण्याचा थेंब नाही. जलप्रलयासाठी वर गेलेल्या माणसांना प्यायलाही पाणी नव्हतं.

"पंपाचा आवाज कसा येतोय?" अक्कांनी विचारलं. त्यांचा स्वर बदलला होता. "नुसता गुरगुरतोय? म्हणजे हवा धरलीय. बंद करा आधी, जळेल. वरून पाणी ओतून हवा काढावी लागेल."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"ओतायलाही पाणी नाही म्हणतायत," अक्का म्हणाल्या.

"माझ्याकडे आहे," काका म्हणाले.

एवढा वेळ ते याच वाक्याची वाट बघत असल्यासारखे उभे होते. एक पिंप तरी त्यांनी सकाळीच बादलीनं अर्धं भरून ठेवलं होतं. दवाखान्यात वीज नव्हती, खुर्ची पांढरी झाली होती, पुढच्या पेशंटना परत पाठवण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाईंनी पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी व्याख्यात्यांना बसवून, मोबाइलच्या उजेडात दाढ घाईघाईनं पण नीट बुजवली. मग हात धुवायला पाणी नाही हे लक्षात आल्यावर काकांच्या पिंपातल्या पाण्यानं हात धुतले आणि म्हणाल्या, "चला, माझ्या गाडीतून सोडते. मलाही बघायचंय काय चाललंय तुमचं तिकडे."

बस केव्हाच गेली होती. डिकीत पिंपातल्या पाण्यानं भरलेले कॅन, मागच्या सीटवर अक्का आणि काका, पुढे गालाला रुमाल लावलेले व्याख्याते, अशी गाडी टेकडी चढू लागली.

"आग चढावर दुप्पट वेगानं पळते," काका खिडकीतून गवताकडे बघत म्हणाले.

"आता पुरे," अक्का म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुला खरंच वाटतं का रे, सगळं जळून जाईल असं?"

काकांनी बराच विचार केला. "नाही. आजवर एकही आग अशी बघितली नाही की जी विझली नाही."

"मग एवढं काय भांडत होतास?"

"तू जाणार होतीस," काका म्हणाले, आणि पुन्हा गवताकडे बघू लागले.

अक्कांनी भावाच्या शर्टाच्या बाहीवरची पावडर झटकली.

वर पोचल्यावर अक्का पंपाच्या खोलीत शिरल्या आणि काका कॅन घेऊन त्यांच्या मागे. "ओत. हळू. थांब. अजून," एवढंच बाहेर ऐकू येत होतं. अंगणात सगळी मंडळी बादल्या, तांबे, बाटल्या घेऊन उभी होती. ऊन उतरत आलं तेव्हा पंपानं एक ढेकर दिली, पाइप थरथरला आणि टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. अंगणातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग रांग लागली, रांगेत थोडी बाचाबाची झाली, कुणीतरी चहा टाकला. पाणी कुठून येतं, पंप हवा का धरतो, झडप उलटी बसली तर काय होतं, असे प्रश्न सुरू झाले, आणि अक्का कठड्यावर बसून सांगू लागल्या. डॉक्टरीणबाई पुढच्या रांगेत बसून ऐकत होत्या. एका बाईंनी काकांना विचारलं की शेगडी पेटली तर आधी काय करायचं, आणि काकाही सुरू झाले.

प्रलयाची वेळ या सगळ्यात कधी होऊन गेली ते कुणालाच कळलं नाही. व्याख्यात्यांना कळलं होतं. ते मघापासून घड्याळाकडे आणि खालच्या शहराकडे आळीपाळीनं बघत होते. खाली शहर जिथल्या तिथे होतं. लोक पांगल्यावर ते अक्कांजवळ येऊन उभे राहिले. भूल उतरल्यामुळे आता त्यांना नीट बोलता येत होतं.

"कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही," अक्का म्हणाल्या. "मी काही बोलणार नाही. पण एक विचारू का, सर? तुम्हाला खरोखर वाटलं होतं? चिडून नाही विचारत. मला जाणून घ्यायचंय."

व्याख्याते कठड्यावर टेकले. "खरोखर वाटलं होतं. कित्येक महिने मला झोप नव्हती, अक्का. जेवण जात नव्हतं. कुणी हसलं तरी सहन व्हायचं नाही. सगळं संपत आलंय हे मला इतकं स्पष्ट दिसायचं की शंकाच नव्हती." त्यांनी गालावरून हात फिरवला. "आज दुपारपासून मात्र प्रयत्न करूनही तसं वाटत नाहीये. मी मघाशी दोन कप चहा प्यायलो. आणि चहाबरोबरची बिस्किटंही खाल्ली."

अक्कांनी त्यांच्या गालाकडे बघितलं.

"आणि दुसऱ्या बाजूची दाढ?"

"ती बरी आहे. कधीतरी जराशी ठणकते, एवढंच."

"डॉक्टरीणबाई अजून निघाल्या नाहीयेत," अक्का उठत म्हणाल्या. "जाऊन दाखवून घ्या. उगाच पुन्हा प्रलयाची तारीख नको."