हाकेच्या हद्दीत

माणसाला हद्द असावी लागते. ज्याला हद्द नसते त्याला आपले घर कुठे संपले आणि जग कुठे सुरू झाले हे कळेनासे होते, आणि असा माणूस शेवटी ठाण्याला राहायला जातो.

हे सत्य काशीराम धुरी यांना इतरांच्या आधी उमगले, कारण त्यांची सव्वीस वर्षे मुलुंडच्या जकात नाक्यावर गेली होती. मुंबईत काय शिरते आणि कोणत्या ताडपत्रीखालून शिरते, एवढेच पाहत त्यांचे केस पिकले. निवृत्तीनंतर पाहायला ट्रक उरले नाहीत, तेव्हा १९८४ साली ते मुलुंड पूर्वेच्या 'शेजारसुख' सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सेक्रेटरी झाले. (निवड बिनविरोध झाली. दुसरे उमेदवार गावी गेले होते.) संस्थेच्या तीन इमारती, छत्तीस बिऱ्हाडे आणि एक पाण्याची टाकी आता त्यांच्या नजरेखाली आली.

त्याच श्रावणात 'क' इमारतीतले भाऊ कर्णिक तापाने पडले. भाऊ निवृत्त हेडक्लार्क, एकटे राहणारे. दोन दिवस ते घरात पडून होते आणि कुणाला पत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांचा पाववाला सायकलवरून आला, कालचे पाव कडीला तसेच लटकलेले पाहून दार ठोठावत राहिला, मग स्वतःच डॉक्टर घेऊन आला. भाऊ वाचले.

काशीरामांना दोन दिवस जेवण गेले नाही. छत्तीस घरे उशापायथ्याशी असताना माणूस मरायला टेकतो, आणि ते कळते कुणाला, तर मानखुर्दहून येणाऱ्या पाववाल्याला. ही गोष्ट त्यांना खरोखर लागली. बऱ्याच विचारांती त्यांनी तिचे कारण शोधून काढले: आपले सभासद बाहेर फार जातात. त्याप्रमाणे पाववाल्याचा नारळ देऊन सत्कार झाला आणि बाहेरचा इसम म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्याला फाटकात मनाई झाली. (सत्काराच्या इतिवृत्तात त्याचे नाव 'पाववाला' असे नोंदले आहे.)

मग ठराव आला. प्रत्येक सभासदाने आपल्या सर्व गरजा हाकेच्या अंतरात भागवाव्यात. हाकेचे अंतर म्हणजे किती, यावर दोन सभा झाल्या आणि तिसऱ्या सभेत मोजणीचे ठरले. संस्थेत सर्वांत मोठा आवाज सेक्रेटरींच्या पत्नी मालन यांचा आहे, यावर कधी नव्हे ते एकमत झाले.

रविवारी सकाळी दहाला मालन गच्चीवर उभी राहिली. चार सभासद हातात गेरू घेऊन चार दिशांना गेले.

"कोणाक हाक मारू?" तिने विचारले.

"मला," शेजारी उभे असलेले काशीराम म्हणाले.

"नावान?"

"नाव कशाला घेतेस?"

म्हणून तिने "अवो" अशी हाक मारली. परिसरातले बावीस नवरे जागच्या जागी थबकले. पैकी दोघे घरी परतले आणि दिवसभर बाहेर पडले नाहीत.

हद्द अशी ठरली: पूर्वेला मिठागराचा बांध, पश्चिमेला रेल्वेचे रूळ, उत्तरेला पिठाची गिरणी (तिच्या आवाजापुढे मालनही हरली) आणि दक्षिणेला दत्ताराम शिंप्याचे दुकान. गेरूची रेघ दुकानाच्या मधोमध गेली. शिवणयंत्र हद्दीत आले आणि काजे करणारा कारागीर हद्दीबाहेर राहिला. पुढचे वर्षभर शेजारसुखमधले पुरुष सेफ्टी पिना लावलेले नवे शर्ट घालून हिंडत. नोकरीसाठी बाहेर जाण्याला मात्र सूट मिळाली, कारण नोकरी ही गरज नसून आपत्ती आहे, असा निर्वाळा समितीने दिला. शिवाय शेजाऱ्याने हाक मारली तर ओ देणे सक्तीचे झाले. 'ब' इमारतीतल्या राधाबाई ओ देत नाहीत म्हणून त्यांना तीन नोटिसा गेल्या.

ठराव असा झकास चालला असताना काशीरामांची मुलगी जयंती जेवताना म्हणाली, "अण्णा, मी लग्न ठरवलंय."

"कुठल्या इमारतीत?"

"चंद्रप्रकाश पेडणेकर. मरोळला माझ्याच कारखान्यात आहे. राहतो बोरिवलीला."

काशीरामांनी हातातला घास ताटात ठेवला. "बोरिवली वेस्टर्न लाइनला आहे."

"पहिल्यापासूनच आहे ना."

मालन आमटी वाढत म्हणाली, "तुमी माका देवबागसून आणलात, तेव्हा हाक खंयसून मारलेली?"

काशीरामांनी हा मुद्दा विचारात घेतला नाही. आदल्याच महिन्यात एका सभासदाने हद्दीबाहेर दाढी केली म्हणून त्यांनी त्याला सभेत उभे केले होते. आता मुलीला सूट द्यायची तर ठराव जाणार, आणि न द्यायची तर मुलगी. त्यांनी विषय रीतसर सभेपुढे ठेवला: विषय क्रमांक चार, सेक्रेटरींच्या कन्येचा हद्दीबाहेरील विवाह.

मग भाऊ कर्णिक उठले.

"मुलगाच हद्दीत आला तर? माझी एक खोली रिकामी आहे. राहू देत दोघांना." बसता बसता ते म्हणाले, "मला ताप आला तर कुणाला कळेल तरी."

सभेत सगळ्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिले.

तोडगा मंजूर झाला, पण नियम क्रमांक सतरा आडवा आला. तो काशीरामांनीच लिहिला होता: नव्या रहिवाशाची छत्तीसही घरांशी ओळख असली पाहिजे आणि सेक्रेटरींनी त्याची तोंडी परीक्षा घेतली पाहिजे. त्यामुळे बोरिवलीचा चंद्रप्रकाश सलग चार रविवार शेजारसुखमध्ये आला आणि दर रविवारी नऊ घरांत नऊ कप चहा प्याला. तिसऱ्या रविवारी त्याला पित्त झाले. तो तरीही आला.

परीक्षा काशीरामांच्याच घरी झाली. त्यांनी उत्तरे ताडून पाहण्यासाठी घरांची यादी समोर ठेवली होती. यादीत सतरा घरांपुढची माहितीची जागा कोरी होती. ती भरायची राहून गेली असावी, अशी त्यांची आतापर्यंत समजूत होती.

"ब-सहा," ते म्हणाले.

"राधाबाई. डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही त्यांना. उजव्या बाजूला बसलं की भरपूर बोलतात."

काशीरामांनी तीन नोटिसांची फाइल उशीखाली सरकवली. "अ-दोन."

चंद्रप्रकाश जरा घुटमळला. "शकुताई. आणि त्यांचे मिस्टर, सहदेवराव. ते मिलमध्ये होते."

"होते म्हणजे? रोज सकाळी डबा घेऊन जाताना मी बघतो की."

"संपात गेली नोकरी. दोन वर्षं झाली. डबा घेऊन निघतात आणि मिठागराच्या बांधावर बसतात." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हद्दीतच बसतात."

काशीरामांनी पेनाला टोपण लावले. उरलेली घरे त्यांनी विचारलीच नाहीत. खाली 'उत्तीर्ण' असे लिहिले आणि आत जाऊन पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बांधावर गेले. सहदेवराव त्यांना पाहून उठू लागले, तसे काशीराम म्हणाले, "बस रे. डब्यात काय आणलंयस?"

"सुकट."

"दे थोडं."

दोघे जेवले. या दिवसाची नोंद संस्थेच्या कोणत्याही वहीत नाही.

जयंतीचे लग्न वैशाखात झाले. पुढच्या निवडणुकीत काशीरामांनी स्वतःच जावयाचे नाव सुचवले. संस्थेतली छत्तीसही घरे ओळखणारा एकमेव इसम बोरिवलीचा निघाला, ही बाब त्यांनी भाषणात सांगितली. ती सांगताना मात्र ते खिडकीबाहेर पाहत होते.

शेजारसुखमध्ये गाळे क्वचितच रिकामे होतात, पण अर्ज कायम येतात. नव्या सेक्रेटरींनी अर्जाचा नमुना सुटसुटीत केला आहे. त्यात एकच प्रश्न आहे: सध्या जिथे राहता तिथे समोरच्या घरात राहणाऱ्या सर्वांची नावे लिहा. (दारावरची पाटी पाहून येण्यास परवानगी नाही.) आजवर आलेल्या एकशे बारा अर्जांपैकी एकशे नऊ कोरे होते. दोघांनी फक्त आडनाव लिहिले, आणि एकाने 'समोर भिंत आहे' असे कळवले.

आपणही एव्हाना आठवायला लागला असाल. सावकाश होऊ द्या. अर्जाला मुदत नाही.