आधी मजकूर, मग प्रती

वाचनालयाच्या मंडळावर सरळ आरोप आहे: तुम्हाला माणसाची किंमत नाही. ज्याने बावीस वर्षं पुस्तकांची धूळ खाल्ली त्याला डावलून काल आलेल्या बाईंना संगणक देता? वर ग्रंथपालाची रिकामी खुर्चीही त्यांनाच द्यायच्या गप्पा मारता?

धूळ खाल्लेले गृहस्थ म्हणजे देवघेवीच्या टेबलावरचे लिपिक. पुस्तकं परत मागणारे संदेश बाई संगणकावरून धाडू लागल्या, आणि लिपिकांच्या पोटात दुखू लागलं.

"सोपं आहे, काका," बाई म्हणाल्या. काका! हे अठ्ठेचाळीसचे, त्या चाळिशीच्या! "वाक्य एकदाच लिहायचं. नावाच्या आणि पुस्तकाच्या जागी नुसते महिरपी कंस ठेवायचे. सभासद बदलला की संगणक त्या कंसात ज्याचं त्याचं भरतो."

"हॅ! हे तर आमची बायकोही करेल."

"मग वहिनींनाच पाठवा ना उद्यापासून."

ही जखम फार खोल गेली. लिपिकांनी संगणक शिकणाऱ्यांसाठीचं पुस्तक घरी नेलं आणि पंधरा दिवस त्यात डोकं खुपसलं. बायको म्हणाली, "लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्याकडे कधी एवढं निरखून पाहिलं नाहीत!"

एका दुपारी बाई डबा खायला गेल्या. हे त्यांच्या संगणकावर बसले. पण बावीस वर्षांची सवय हाडात मुरलेली: आधी कागद पूर्ण भरायचा, मग त्याच्या प्रती काढायच्या. त्यांनी तेच केलं. यादीतला पहिला सभासद घेतला, कंस भरून टाकले आणि ते भरलेलं वाक्य सातशे जणांना धाडलं.

पहिले सभासद होते मंडळाचे अध्यक्ष. सातशे घरांत त्यांच्या नावानिशी मजकूर पोचला: 'आपण सात वर्षांपूर्वी नेलेलं "सज्जनांची लक्षणे" अजून परत आलेलं नाही.'

फोन खणखणला. "हा गाढवपणा कोणाचा?" अध्यक्ष गरजले.

"बाईंचा, साहेब! संगणक त्यांचाच ना!"

बाई डबा हातात घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि डबा पिशवीत ठेवला.

चार वाजता टेबलापुढे रांग लागली. ज्यांनी अध्यक्षांना सोडलं नाही, ते आपल्याला काय सोडणार? एका निवृत्त मुख्याध्यापकांनी उशीच्या अभ्र्यातून अकरा पुस्तकं काढली. "उद्या आमचं नाव नका हो फिरवू!" तीन दिवसांत चारशे पुस्तकं परत आली. मंडळ थक्क झालं. ज्या डोक्यातून ही युक्ती निघाली, त्यालाच ग्रंथपालाची खुर्ची द्यायचं ठरलं.

लिपिक तडक बैठकीत घुसले. "साहेब, ते सगळं मी लिहिलंय! बाईंचा त्यात काडीचा संबंध नाही!"

"पण काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "फोनवर तर तुम्ही माझं नाव सांगितलंत."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मी गाढव शोधत होतो, तेव्हा ते काम बाईंचं होतं. आता खुर्ची निघाली, तर ते तुमचं? आमच्याशी खोटं तेव्हा बोललात की आत्ता बोलताय?"

लिपिक टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"कागद नंतर लावा. मंडळ थांबलंय. उत्तर द्या!"