काचेच्या पुलाजवळची खोली

ज्या वर्षी माझ्या धाकट्या नातीच्या लग्नात तीन मजली केक नवरदेवाच्या आईवर कलंडला, त्याच वर्षी आमच्या शहरातल्या कॉनच्या निवास समितीने हॉटेलच्या खोल्या सोडत काढून वाटायचं ठरवलं. नुकसान दोन्हीकडे झालं. केकच्या बाबतीत निदान कुणीतरी माफी मागितली.

कॉन म्हणजे ऑगस्टमधली चार दिवसांची जत्रा. मालिकांतले आणि चित्रकथांतले पोशाख चढवून साठ-सत्तर हजार माणसं येतात. सभागृहाला काचेच्या पुलाने जोडलेली हॉटेलं मात्र तीनच. उरलेल्यांनी विमानतळाजवळ राहावं आणि बसमध्ये एकमेकांच्या शेपट्या तुडवत यावं, अशी व्यवस्था आहे. पूर्वी संगणकावर जो आधी बटण दाबेल त्याला खोली मिळायची. त्यात धडधाकट बोटांच्या लोकांचा फायदा होतो, अशी तक्रार झाली. तेव्हा समितीने जाहीर केलं : 'सर्वांना निराशेची समान संधी मिळावी, या हेतूने यंदापासून सोडत काढण्यात येईल. प्रत्येक व्यक्तीस एकच अर्ज करता येईल.'

प्रत्येकी एकच अर्ज म्हटल्यावर लोकांनी घरातली माणसं मोजायला घेतली. आई, बाप, मेहुणा, घटस्फोटित बायको, तिचा नवा नवरा. एवढंही पुरेना, तेव्हा त्यांना आमची आठवण झाली.

आम्ही म्हणजे शहराच्या उत्तरेकडच्या वृद्धाश्रमातले रहिवासी. माझ्या समोरच्या खोलीत इमोजीन पेट्रिक राहायची. वय सत्त्याऐंशी, जन्मभर पडदे शिवण्याचा धंदा केलेली. फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फ असताना, तिच्या बहिणीची नात कीली डोनटचा खोका घेऊन आली. याआधी ती आली होती तेव्हा तिच्या दातांना तारा होत्या. आता ती दुसऱ्यांच्या दातांना तारा लावते.

"मावशीआजी, किती छान दिसतेस गं!"

"काय हवंय?" इमोजीन म्हणाली.

कीलीला सोडतीच्या अर्जावर सही हवी होती. दोन वर्षं खपून तिने एका मालिकेतल्या पंखवाल्या समुद्रराक्षसाचा पोशाख केला होता आणि शनिवारच्या पोशाख स्पर्धेत तिला तो घालून उतरायचं होतं. पंख नऊ फुटांचे. बसमध्ये मावत नव्हते, टॅक्सीत तर नाहीच. पुलाजवळची खोली मिळाली तरच राक्षस चालत सभागृहात पोहोचणार होता. नाहीतर दोन वर्षं पाण्यात.

"पंख मिटत नाहीत का?" इमोजीनने विचारलं. "बिजागऱ्या लाव की."

कीली दुखावली. "मावशीआजी, सातव्या भागात तो स्वतः सांगतो की त्याचे पंख कधीच मिटत नाहीत."

"तो सांगतो?"

"हो."

"मग काय बोलणार," म्हणत इमोजीनने सही केली.

पुढच्याच आठवड्यात समितीचं दुसरं परिपत्रक निघालं. चालताना ज्यांना आधार लागतो, त्यांना पुलाजवळच्या खोल्या प्राधान्याने मिळतील. नियम चांगला होता. पण त्या दिवसापासून आमच्या आश्रमातल्या वॉकरची पत अशी वाढली की विचारू नका. ज्यांना वर्षभरात एक फोन येत नव्हता, त्यांच्या खाटेभोवती सहा-सहा नातवंडं बसू लागली. ज्यांना नातवंडंच नव्हती, त्यांनाही ती झाली. जेवणघरात एक अनोळखी तरुण माझ्याजवळ येऊन अदबीने म्हणाला, "आजोबा, तुम्ही कुणाचे आहात, की रिकामे आहात?"

"रिकामा आहे," मी म्हणालो. "पण माझी नुसती काठी आहे."

त्याचा चेहरा उतरला. जाता जाता म्हणाला, "गुडघे कसे आहेत? काही आशा?"

रविवारी बाहेर गाड्या लावायला जागा राहीना. आश्रमाच्या व्यवस्थापक मिसेस लुंडग्रेन शिस्तीच्या बाई. त्यांनी विचार केला आणि भेटीसाठी सोडत सुरू केली. बिंगो या आकड्यांच्या खेळाच्या पिंजऱ्यात पाहुण्यांच्या क्रमांकाचे गोळे टाकायचे, पिंजरा फिरवायचा, ज्याचा गोळा निघेल त्याने वर जायचं. बाकीचे प्रतीक्षा यादीत. एक गृहस्थ ओरडले, "अहो बाई, ती माझी सख्खी आई आहे!"

"असेल ना," मिसेस लुंडग्रेन म्हणाल्या. "पण हा माणूस तीन आठवडे रांगेत आहे, आणि तो केकसुद्धा घेऊन आलाय."

एप्रिलमध्ये निकाल लागला. इमोजीनला पुलाला लागून खोली मिळाली. कीली तिच्या गळ्यात पडून रडली, डोनटवाल्या हातांनी. मग तिने पत्राची दुसरी बाजू वाचली आणि रडणं थांबलं. 'ज्यांच्या नावे खोली लागली आहे त्यांनी स्वतः हजर राहून तेथे चारही रात्री निद्रा घेणे बंधनकारक आहे. बदली व्यक्ती चालणार नाही.'

"मग मी येते," इमोजीन म्हणाली.

"मावशीआजी, तिथे फार गोंगाट असतो गं."

"कानातलं यंत्र काढून ठेवीन."

"गर्दी असते. लोक विचित्र कपडे घालतात."

"माझ्या मजल्यावरचे लोक कसलेच घालत नाहीत. आणि हर्शेलपण येईल. हर्शेल, वॉकर मिळतो का बघ कुणाचा."

मी मिळवला. खोलीतल्या जमिनीवर झोपायला कीलीच्या आठ मित्रांचे अर्ज आले. इमोजीनने त्यांच्या मुलाखती घेतल्या. घोरतोस का? आईला फोन करतोस का? ट्यूना मासा आणि शेवयांचं खिमट खातोस का? तिघे पास झाले. एक जण खिमटापाशी अडखळला. त्याला तिने बाथटब दिला.

ऑगस्टमध्ये पुलाजवळची ती तीन हॉटेलं बघण्यासारखी होती. लिफ्ट उघडली की आत चार वॉकर, दोन प्राणवायूच्या नळकांड्या आणि कोपऱ्यात चिरडलेला एक अंतराळवीर. दालनात सगळ्या मावश्या, आज्या, आत्या ऐसपैस बसलेल्या आणि खरे भक्त त्यांच्या पायाशी उशा घेऊन. रात्री नऊला दिवे बंद. मेजवान्या रद्द झाल्या, कारण प्रत्येक खोलीत कुणीतरी भिंतीवर काठी आपटायचं. समितीने पत्रकारांना सांगितलं की यंदा ज्येष्ठांचा उत्स्फूर्त सहभाग लाभला.

शनिवारी सकाळी कीलीने खोलीत बसून पोशाख चढवला, पंख चिकटवले, गोंद वाळू दिला आणि दाराकडे निघाली. दार तीन फुटांचं होतं.

तिने सरळ जाऊन पाहिलं. आडवं होऊन पाहिलं. तिरकं होऊन पाहिलं, तेव्हा दिवा फुटला. मित्रांनी ढकललं. शेवटी दोन वर्षांचा समुद्रराक्षस चौकटीत अडकून हमसून रडू लागला. बाहेर पंधरा पावलांवर पूल होता. स्पर्धेला अर्धा तास होता.

इमोजीनने पिशवीतून कात्री काढली.

"मावशीआजी, नाही हं! सातव्या भागात..."

"सातव्या भागात त्याला दारातून बाहेर पडायचं होतं का?"

कीलीने डोळे मिटले. इमोजीनने दोन्ही पंख मुळापासून उतरवले. एक स्वतःच्या वॉकरला बांधला, दुसरा माझ्या. पडद्याच्या दोऱ्या तिने कशासाठी आणल्या होत्या कोण जाणे. एकामागून एक आम्ही दारातून बाहेर पडलो, आणि पुलावर पोहोचल्यावर राक्षस पुन्हा जुळला. मधे कीली, डावीकडे इमोजीन, उजवीकडे मी. आमच्या दोघांच्या चालीचा मेळ बसत नसल्यामुळे पंख खरोखरचे फडफडत होते. काचेतून खालचे लोक वर बघून टाळ्या वाजवत होते. इमोजीन त्यांना राणीसारखा हात करत होती, त्यामुळे दर दहा पावलांना डावा पंख खाली यायचा.

परीक्षकांनी कीलीला दुसरा क्रमांक दिला. शेरा होता : 'पंखांची हालचाल विशेष जिवंत, किंचित थकलेली.' इमोजीनने बक्षिसाची पट्टी गळ्यात घालून फोटो काढून घेतला. रात्री खिमट सगळ्यांनी दोनदा घेतलं. बाथटबवाल्यानेही.

"पुढच्या वर्षी शेपटीपण करू या," इमोजीन म्हणाली. "शेपटी हर्शेलला देऊ."

"नक्की, मावशीआजी! मी पुढच्या रविवारी येते, आपण आराखडाच काढू."

सोमवारी आश्रमाची गाडी आम्हाला घ्यायला आली. सगळ्या हॉटेलांच्या दारांत मिठ्या चालल्या होत्या, वचनं दिली जात होती. पुढच्या रविवारी मिसेस लुंडग्रेननी दालनात खुर्च्या मांडल्या, बिंगोचा पिंजरा पुसून ठेवला, कॉफी केली. इमोजीनने केस सेट करून घेतले होते. चार वाजता मिसेस लुंडग्रेननी स्वतःचा गोळा रिकाम्या पिंजऱ्यात टाकला, पिंजरा फिरवला, गोळा काढला आणि वर जाऊन इमोजीनला भेटून आल्या. नियम म्हणजे नियम.

कीलीबद्दल गैरसमज नको. मुलगी प्रेमळ आहे, सप्टेंबरमध्ये तिने मोठा पुष्पगुच्छ पाठवला. स्वतः येऊ शकली नाही, कारण त्याच आठवड्यात दुसऱ्या शहरात दुसरी कॉन होती, तिथे तिला खोली लागली होती आणि स्वतः हजर राहणं बंधनकारक होतं.

हे वाचून तुम्ही म्हणाल, काय माणसं आहेत! बरोबर आहे. तुमच्याकडे अशी सोडत निघत नाही. मग तुमच्या मावशीला भेटायला तुम्ही कशाच्या निमित्ताने जाता, तेवढं मला कळवा; इथल्या समितीला सुचवीन.

इमोजीन पेट्रिक एकोणीस सप्टेंबरला, शुक्रवारी, दुपारच्या जेवणाआधी वारली.