मुकुट काढू नका, महाराज

होनोरिओचं प्रेत जिल्ह्याच्या इस्पितळातून गावात आणायला नेमकी राजांच्या मिरवणुकीची संध्याकाळ मिळावी, याला काय म्हणावं! गावातली यच्चयावत पोरं उलट्या छत्र्या धरून रस्त्यावर होती. दरवर्षीसारखे तीन राजे रथांवरून खाऊच्या गोळ्या उधळत येणार होते, आणि हे राजे खरेखुरे असतात अशी पोरांची खात्री होती. अशात शववाहिका पुलावरून आत शिरली आणि थेट तिघांपैकी मेल्किओर राजाच्या रथामागे अडकली.

"मागे घे!" हवालदार ओरडला.

"मागे उंट आहे," ड्रायव्हर लेआंद्रो म्हणाला. "त्याला तूच सांग."

"मग चल पुढं, हळूहळू. आणि तोंड जरा हसरं ठेव, सणाचा दिवस आहे."

"प्रेत घेऊन हसू?"

शेजारी होनोरिओची बायको कासिल्दा काळी शाल गुंडाळून ताठ बसली होती. तीस वर्षं मिरवणुकीत मेल्किओर राजा व्हायचा तो तिचा नवराच. गेल्या वर्षी मिरवणूक समितीचा अध्यक्ष एवारिस्तो, म्हणजे गावचा औषधवाला, त्याला म्हणाला, "तुझा हात थरथरतो. गोळ्या चाकाशी पडतात. एखादं पोर वेचायला वाकलं तर?" म्हणणं खोटं नव्हतं, हेच तर वाईट. पण मुकुट मग एवारिस्तोनं स्वतःच चढवला. होनोरिओनं त्यानंतर घराबाहेर पडणं सोडलं, अंथरूण धरलं, आणि आज सकाळी इस्पितळात संपला.

"माझा माणूस झुरून गेला रे," कासिल्दा म्हणाली. "आणि मारणारा पुढं रथावर बसलाय."

"त्याला माहीत नाही हो, काकू, मागे कोण आहे ते."

शववाहिका दिसली की डोक्यावरचं काढायचं, ही गावची रीत. एकानं टोपी काढली, मग दुसऱ्यानं, मग सगळ्या फुटपाथनं. बँड गप्प झाला. पोरं मात्र शववाहिकेकडे बघून वैतागली.

"हा कुठला राजा? गोळ्याच टाकत नाही!"

"कंजूष कुठला!"

एवढी शांतता कशाची म्हणून एवारिस्तोनं वळून पाहिलं. शववाहिकेच्या पुष्पचक्रावरचं नाव वाचलं, कासिल्दाला पाहिलं, आणि त्याचा चेहरा उतरला. हात मुकुटाकडे गेला. मोठ्या माणसांचा श्वासच अडकला, कारण मुकुट, पांढरे केस आणि दाढी, सगळं एकाच इलॅस्टिकवर होतं. मुकुट निघाला की राजाचा औषधवाला होणार, तोही गावातल्या प्रत्येक पोरासमोर.

"काकू, थांबवा त्याला!" लेआंद्रो म्हणाला.

"काढू दे," कासिल्दा दात आवळून म्हणाली. "माझ्या नवऱ्यापुढं काढू दे."

तेवढ्यात एका चिमुरडीनं काचेला नाक लावलं. "आजी, मेल्किओर रडतोय. त्याला कोण रागावलं?"

कासिल्दाला एक जुनी रात्र आठवली. एकदा होनोरिओ अंगात सणसणून ताप असताना रथावरून घरी आला होता. पोटचा मुलगा जागा होता; राजा म्हणजे आपला बाबाच हे त्याला कळू नये, म्हणून होनोरिओनं पहाटेपर्यंत दाढी उतरवली नव्हती.

तिनं काच खाली केली. "महाराज! मुकुट राहू द्या! राजे कुणापुढं मुकुट काढत नसतात!"

एवारिस्तोचा हात खाली आला. त्यानं मूठभर गोळ्या उचलल्या आणि फेकल्या. हात असा थरथरत होता की सगळ्या चाकाशीच पडल्या. पोरं वाकली. लेआंद्रोनं करकचून ब्रेक दाबला.

"लांब टाका, महाराज!" कासिल्दा ओक्साबोक्शी रडत ओरडली. "लांब! चाकाशी पोरं आहेत!"