हुजुरांच्या जुन्या आवाजाची आणि आठतोंडी पेटीची बखर

श्रीखर्ज समर्थ. खर्जाचे पायी मस्तक ठेवून, कान कोरून, टाक पुसून लिहिण्यास आरंभ केला जे, शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, पौष वद्य सप्तमी, मंदवासर, ते दिवशी दोन प्रहरी खासा महाराजांनी भर दरबारात वाद्यवृंद मध्येच थांबविला आणि दरबार जागच्या जागी थिजला, कारण महाराज गादीवर येऊन तीन मास जाहले होते आणि तोवर त्यांनी काहीच थांबविले नव्हते. महाराजांचे डोळे लाल होते. गादीवर बसल्यापासून त्यांस झोप कशी ती नव्हती. मग महाराज बोलते जाहले जे, "आम्ही लहान असता रखमाजीबाबा बास गिटार वाजवीत. तो आवाज पोटात शिरे आणि डोळे जड होत. आताचा कानातच फिरतो. तो जुना आवाज आठ दिवसांत हजर करावा, नाहीतर बासची सनद दुसऱ्यास जाईल."

हे ऐकून अवधूतराव लोंढे, जे नऊ वर्षे सरकारी बास गिटार वाजवीत होते, त्यांनी गिटार पोटाशी आवळून धरिली. त्यांस तो दुसरा कोण हे ठाऊक होते. तो गणोजी कीबोर्डवाल्याचा डावा हात होय. उजव्या हातास सुरावटीची सनद आधीच होती आणि डाव्याने बासच्या सनदेचा अर्ज दोनदा केला होता. अवधूतरावांनी तिकडे पाहिले तो डाव्या हाताने अंगठी फिरविली आणि खालच्या पट्टीचा एकच सूर दाबून धरला.

मग अवधूतराव आणि दिवाण त्र्यंबकपंत ऐसे दोघे इस्माईल मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री चाळीस वर्षे रेडिओ आणि अँप दुरुस्त करीत होते आणि रखमाजीबाबांचे यंत्रही त्यांच्याच हातचे होते. "जुना आवाज पाहिजे," अवधूतराव म्हणाले. "आवाज जुना की यंत्र जुने?" मिस्त्रींनी पुसले. "दोन्ही." "मग वाजवणाराही जुनाच बघा की," ऐसे म्हणून मिस्त्रींनी प्रथम एक डबी दाखविली, जेवणाच्या डब्याएवढी, जिच्यावर 'जुना आवाज' ऐसे बटणच होते. अवधूतरावांनी ते दाबले आणि डबीतून जो आवाज आला तो ऐकून पंत म्हणाले, "कोणी शेजारच्या गावात वाजवतंय काय?" मग मिस्त्रींनी कापड ओढले आणि खाली व्हॉल्व्हचा अँप निघाला, ज्यात जुन्या रेडिओत असत तैशा काचेच्या नळ्या, मोठ्या सहा आणि धाकट्या चार. त्यासंगे स्पीकरची पेटी, पुरुषभर उंच, दहा इंची आठ तोंडांची, मागून फळीने बंद केलेली. "बाबांकडे हुबेहूब हेच होतं," मिस्त्री म्हणाले. "सगळी करामत व्हॉल्व्हची. आधी तापू द्यायचे, मग वाजवायचे. आणि पेटी जोडल्याशिवाय अँप चालू केला तर तो स्वतःलाच जाळून घेतो." पंतांनी अँपास मुजरा केला. ऐसा मानी सरदार दरबारातही कोणी नव्हता.

त्याउपरी मिस्त्री सहज बोलून गेले जे अँपचे आणि पेटीचे ओहम जुळले पाहिजेत, आणि पंतांस जुळवणे म्हटल्यावर एकच वाट ठाऊक, म्हणोन त्यांनी राजज्योतिषी बोलाविले. ज्योतिष्यांनी पेटीच्या पाठीवरचा आकडा वाचला, अँपच्या पाठीवरचा वाचला, दोन्हीकडे चार, आणि म्हणाले, "छत्तीसांत चारच जुळतात. हे लग्न करू नये." "अहो, चारच लागतात," मिस्त्री म्हणाले. ज्योतिषी खाली बसले. त्यांचे स्वतःचे एकतीस जुळले होते आणि घरी जे चालले होते ते साऱ्या पेठेस ठाऊक होते.

मग दहा हमालांनी ती स्वारी दरबारात आणिली आणि सहावे दिवशी व्हॉल्व्ह तापून नारिंगी जाहले आणि अवधूतरावांनी सर्वांत जाड तार छेडिली. झुंबराचे अकरा लोलक गळाले, बागेतला मोर निघून गेला तो अद्याप आला नाही, आणि सेनापती, ज्यांनी तोफा पाहिल्या होत्या, ते खांबाआड गेले. अवधूतरावांस वाटले, सनद वाचली. महाराजांनी पोटावर हात ठेवून पाहिला आणि म्हणाले, "चांगला आहे. पण तो नव्हे." डावा हात हसला. हात कैसा हसतो हे ज्यांनी ते दिवशी पाहिले नाही त्यांस सांगून उपयोग नाही.

सातवे दिवशी मिस्त्रींनी साऱ्या नळ्या बदलिल्या, मग पुन्हा पहिल्याच घातल्या, आणि आवाज होता तोच राहिला. आठवे दिवशी सकाळी अवधूतराव मिस्त्रींस घेऊन रखमाजीबाबांच्या मागे राहिलेल्या आवडाबाईंकडे गेले. बाई उन्हात शेंगा सोलीत होत्या. "आवडाकाकू, बाबांचे व्हॉल्व्ह कोणत्या कंपनीचे होते? आज माझी सनद जाते हो." "मला त्या दिव्यांतलं काय कळतंय, अवधूता." "मग पेटीत काही वेगळं होतं?" "पेटीत होय? गोधडी होती." मिस्त्रींनी भिंत धरिली. "मागची फळी काढून मीच कोंबली होती," बाई सांगत्या जाहल्या. "ह्यांचा रियाज सुरू झाला की पोर टाहो फोडायचं. गोधडी घातली आणि गप झोपलं. ह्यांना सांगितलंच नाही मी." "चाळीस वर्षं मी व्हॉल्व्हला श्रेय देतोय," मिस्त्री हळूच म्हणाले आणि त्यांस पाणी द्यावे लागले. "पण काकू," अवधूतरावांनी पुसले, "तुम्हांस तर मूल नव्हते." बाई म्हणाल्या, "म्हणून तर राजवाड्यातलं सांभाळायला दिलं होतं." तेव्हा अवधूतरावांच्या हातची शेंग गळाली.

गोधडी बाईंच्या अंथरुणातच होती. ती घेऊन तिघे दरबारी आले तो डावा हात सनदेसाठी पुढे होऊन उभाच होता. मिस्त्रींनी फळी काढिली आणि बाईंनी पदर खोचून आठ तोंडांमागे गोधडी कोंबिली. "हे काय आहे?" महाराजांनी पुसले. अवधूतरावांनी बाईंकडे हात जोडून पाहिले. बाई म्हणाल्या, "तुमचीच आहे, बाळराजे. फार रडायचात तुम्ही." पंत कारकुनास म्हणाले, "हे लिहू नकोस," आणि कारकुनाने तेही लिहिले. महाराज गोधडीच्या बाहेर राहिलेल्या कोपऱ्याकडे पाहात राहिले, जेथे हिरवे ठिगळ होते, आणि म्हणाले, "वाजवा."

अवधूतरावांनी तीच तार छेडिली. लोलक हलले नाहीत. आवाज जमिनीतून आला, पायांतून चढला आणि पोटात जाऊन बसला. दुसऱ्या सुरास महाराजांचे डोळे मिटले आणि चौथ्यास मान कलली आणि खासा महाराज भर दरबारी, मुकुटासहित, घोरू लागले. ऐसे पूर्वी कोणत्याही गादीवर घडले नव्हते, म्हणोन काय करावे हे कोणास सुचेना आणि सारा दरबार उभाच राहिला. अवधूतराव थांबू पाहात, तो महाराजांच्या कपाळी आठी पडे आणि बाई डोळे वटारीत, म्हणोन ते वाजवीतच राहिले, सहा घटका, बोटांस फोड येईतो, आणि मध्येच त्यांनी पाहिले तो गणोजी जागा होता, उजवा हात जागा होता, आणि डावा हात मांडीवर उताणा पडून निजला होता.

महाराज जागे जाहले ते अवधूतरावांची सनद कायम करूनच. येणेप्रमाणे जुना आवाज सिद्ध जाहला तो ऐसा: मोठे व्हॉल्व्ह सहा, धाकटे चार, तोंडे आठ, ओहम चार, गोधडी एक. गोधडीस पालखीचा मान दिला होता तो आवडाबाईंनी घेतला नाही. त्या रोज सकाळी ती आणितात आणि दिवस मावळताच फळी काढून, काखोटीस मारून घरी नेतात, कारण थंडी आहे. मग उजाडेपर्यंत या राज्यात खर्ज नाही.