भाऊ कर्णिकांचा भागीदार

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत भाऊ कर्णिक सामान्य ज्ञानाच्या खेळाला जोडीनं येतात. एका खुर्चीवर ते बसतात आणि उजवीकडची खुर्ची रिकामी असते. तिच्यावर त्यांचे थोरले बंधू अप्पा बसतात. अप्पा गेल्या वर्षी वारले.

दर रविवारी सकाळी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून तिथे प्रश्न विचारले जातात. विचारणारा मी. ठाण्याच्या ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही, त्यामुळे इथे माइक हातात आला की मी तो सोडत नाही. खेळायचं जोडीनं, फोन बघायचा नाही. जिंकणाऱ्याला बटाटेवड्यांची पुडी मिळते आणि ती हरलेलेच जास्त खातात.

कर्णिक बंधू यात मुरलेले. दोघांनीही लग्न केलं नाही. पेपरात दर आठवड्याला येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं पोस्टकार्डावर लिहून पाठवण्यात त्यांचं तरुणपण गेलं. वाटणी ठरलेली होती. इतिहास, पुराणं, क्रिकेट भाऊंचं, भूगोल अप्पांचा. “भूगोलात मी ढ,” हे भाऊ आजही अभिमानानं सांगतात.

अप्पा गेल्यावर भाऊ काही रविवार फिरकलेच नाहीत. मग एकदा आले, दोन खुर्च्या शेजारी मांडल्या आणि नाव नोंदवलं, “कर्णिक आणि कर्णिक.”

नावं लिहून घेणाऱ्या फाटकबाई सोसायटीच्या सेक्रेटरी. नियमाला एकदम पक्क्या. “अहो कर्णिक, जोडी लागते. एकट्याला नाही खेळता येणार.”

“एकटा कुठाय मी?” भाऊ म्हणाले.

बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप नाव लिहून टाकलं. म्हातारा माणूस, करमत नसेल, असं मी मनाशी म्हटलं.

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, “भारतातली सर्वांत लांब पश्चिमवाहिनी नदी कोणती?”

“थांबा, भागीदाराला विचारतो.”

अप्पांना उजव्या कानानं ऐकू यायचं नाही. म्हणून भाऊ वाकले आणि हाताचा आडोसा करून, अप्पांचा डावा कान जिथे असायचा तिथे कुजबुजले. मग आपला कान पुढे करून थांबले. “हं... हं... अरे, तापी नाही का? बरं बाबा, तुझंच खरं.” मग ताठ बसून म्हणाले, “अप्पा म्हणतो नर्मदा.”

“चूक!” मी माइकवरून गरजलो. माझ्या कागदावर तापी होतं.

“परत बघा,” भाऊ शांतपणे म्हणाले. “अप्पा हसतोय.”

नियम मोडून मी फोन काढला. नर्मदाच होती. भूगोलात ढ असलेल्या माणसाला हे कोणी सांगितलं, या विचारानं त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून त्यांचं भूगोलाचं एकही उत्तर चुकलं नाही. मधेच भाऊ हसू दाबत उजवीकडे म्हणायचे, “गप रे, लोक ऐकतायत.” कधी गुडघे आवरून घ्यायचे, शेजारचं कोणी पुढून बाहेर जात असावं तसे. जागा कितीही कमी पडो, त्या खुर्चीवर कोणी बसेना. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. तरी भूगोलाचा प्रश्न विचारताना माझी नजर भाऊंवरून उजवीकडे सरकायची, आणि मान आपोआप अदबीनं लवायची.

परवाच्या रविवारी प्रश्न होता, लक्षद्वीपची राजधानी. भाऊ वाकले, कुजबुजले, थांबले. पुन्हा वाकले. “अप्पा, लक्षद्वीप.” भाऊंचा चेहरा उतरत गेला. “अरे, ऐकू येतंय ना तुला?” हे त्यांनी इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं की मी माइक खाली घेतला.

“पास,” शेवटी ते म्हणाले.

खेळ आटोपल्यावर मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. “भाऊ, एखादं नाही येत हो कोणाला.”

“मला येत होतं. कवरत्ती.” ते खाली बघत राहिले. “सगळीच येतात मला. अप्पा गेल्यापासून रोज त्याचे नकाशे घेऊन बसतो. त्याची बाजू लंगडी पडायला नको म्हणून. पण इथे आलो की मी गप्प राहायचो आणि तो सांगायचा. खरंच सांगायचा हो. आज बोललाच नाही. मी उत्तर दिलं असतं तर ते एकट्याचं झालं असतं. मग तो गेलाच म्हणायचा.”

इतके दिवस मी त्या खुर्चीला घाबरत होतो, आणि हा माणूस ती रिकामी होईल म्हणून घाबरत होता.

एव्हाना ऊन सरकत अप्पांच्या खुर्चीवर आलं होतं. फाटकबाई उठल्या. “उन्हात काय बसवलंत त्यांना?” म्हणत त्यांनी खुर्ची सावलीत ओढायला हात घातला. साधी प्लास्टिकची खुर्ची, पण हलेना. बाईंनी दुसरा हात लावला.

“जरा धरा हो,” त्या मला म्हणाल्या. “जड आहे.”

मी दुसरी बाजू धरली. खरंच जड होती.

भाऊ आमच्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला.

“हळू हं,” ते म्हणाले, “डोळा लागलाय त्याचा.”